चर्चच्या पेटीतील जुना झगा: नवा कोशाच्या कापडात शिवण्यापूर्वी काही शंका

टाके_आणि_काज (भंडारा जिल्हा)

नमस्कार. भंडारा जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी माझे शिवणकामाचे दुकान आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज आणि लग्नसराईतील सदरे एवढाच आमचा व्याप. गावाबाहेर मिशनचे लहानसे चर्च आहे. तेथील फादरांनी मागच्या आठवड्यात एक जुनी लोखंडी पेटी दुकानात आणून ठेवली आणि मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, वेळी घालायचे दोन पोशाख शिवून द्याल का, असे विचारले. एक जांभळा, उपवासकाळासाठी. दुसरा पांढरा किंवा सोनेरी, ईस्टरसाठी. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे या कपड्यांविषयी मला काहीच माहिती नाही आणि ज्या कपड्याचा उपयोग कळत नाही तो मला नीट बेतता येत नाही. फादरांना पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून येथे लिहीत आहे.

पेटीतील मुख्य झग्याला बाह्या नाहीत. तो दोन्ही बाजूंनी उघडा असून पुढचा भाग छातीशी इतका अरुंद आहे की हात पूर्ण मोकळे राहतात, आणि आत बुकरमसारखा कडक थर असल्यामुळे तो घडी न पडता ताठ उभा राहतो. पाठीवर जरीच्या पट्टीचा मोठा क्रूस आहे. गळ्यापाशी घामाचे डाग आहेत आणि पुढच्या बाजूला कमरेच्या उंचीवर रेशमाचे आडवे धागे झिजून निघाले आहेत, जणू तो भाग वर्षानुवर्षे एखाद्या कडेला घासत असावा. त्याच कापडाची एक लांब पट्टी आहे, तशीच एक आखूड पट्टीही आहे, जी मधोमध दुमडून आतून टाक्याने अडकवलेली आहे. शिवाय एक चौकोनी रुमाल आणि पुठ्ठा घातलेली, एका बाजूने उघडी अशी सपाट चौकोनी पिशवी आहे. हे सगळे कशासाठी असते? सगळेच नव्याने शिवावे लागेल का? आमच्याकडे पांढरा रंग दुःखाचा मानतात, तर सणाला पांढरा का? आणि मी ख्रिस्ती नसताना हे कपडे शिवलेले चालतात का?

घंटेचा_दोर (अमरावती जिल्हा)

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कपडा कोणी शिवला याला बंधन नाही. शिवून झाल्यावर फादर तो आशीर्वादित करून घेतील आणि मग वापरात आणतील. मी आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये सॅक्रिस्टीची (पूजेची वस्त्रे ठेवण्याच्या खोलीची) देखभाल करतो, म्हणजे मिस्सेपूर्वी हेच कपडे क्रमाने मांडून ठेवणे आणि नंतर आवरणे हे माझे काम. आमच्याकडचे निम्मे कपडे जुन्या मोताळ्याच्या बाजारातल्या शिंप्याने शिवलेले आहेत आणि त्याने कधी मिस्सा पाहिलेली नाही.

आपल्या पेटीत एक जुना पूर्ण संच आहे. बाह्या नसलेला मुख्य झगा म्हणजे चॅझ्युबल. तो मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू सर्वांत वर घालतो. लांब पट्टी म्हणजे स्टोल, जी धर्मगुरूपदाची खूण आहे. आखूड पट्टीला मॅनिपल म्हणतात. ती डाव्या हाताच्या मनगटाच्या वर अडकवत असत. १९६७ साली रोमहून आलेल्या सूचनेनंतर ती आवश्यक राहिली नाही, त्यामुळे आजचे तरुण फादरही ती ओळखतीलच असे नाही. चौकोनी रुमाल मिस्सेच्या प्याल्यावर घालतात आणि सपाट पिशवीत वेदीवर अंथरायचे घडी केलेले पांढरे कापड ठेवतात. प्याल्याचा रुमाल आजही ठेवावा अशी शिफारस आहे. तो त्या दिवसाच्या रंगाचा किंवा पांढरा असला तरी चालतो. मॅनिपल मात्र फादरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय शिवू नका. कापड आणि मजुरी दोन्ही वाया जातील.

या सगळ्यांच्या आत घोट्यापर्यंतचा पांढरा, बाह्यांचा लांब अंगरखा असतो, त्याला आल्ब म्हणतात. कमरेला गोंड्यांची दोरी. गळ्याभोवती ॲमिस नावाचे दोन नाड्यांचे पांढरे कापड, पण आल्बच्या गळ्याने अंगातला नेहमीचा कपडा पूर्ण झाकला जात असेल तर ते घातले नाही तरी चालते. पूर्वी प्रत्येक वस्त्र अंगावर घेताना ठरलेली प्रार्थना म्हणणे बंधनकारक होते. आता ते ऐच्छिक असले तरी आमचे वयस्क फादर अजून पुटपुटतात. ॲमिस डोक्याला टेकवून खांद्यावर घेताना तारणाचे शिरस्त्राण मागतात, आल्ब घालताना अंतःकरण शुभ्र व्हावे असे म्हणतात, दोरी बांधताना शुद्धता मागतात, स्टोल घेताना गमावलेले अमरत्व परत मागतात, आणि चॅझ्युबल घालताना ‘माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे’ या प्रभूच्या शब्दांची आठवण करतात. म्हणून म्हणतो, खांद्यावर त्याचे वजन जाणवले पाहिजे. अगदी पातळ कापड घेऊ नका.

पांढऱ्याविषयी: आमच्यात पांढरा हा बाप्तिस्म्याचा रंग आहे, म्हणून तो नाताळ, ईस्टर, मरियेचे सण आणि रक्तसाक्षी (धर्मासाठी प्राण दिलेले) नसलेल्या संतांच्या दिवशी घालतात. लाल पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला), झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला आणि रक्तसाक्ष्यांच्या दिवशी. जांभळा नाताळापूर्वीच्या आगमनकाळात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात. वर्षाचे उरलेले बहुतेक रविवार हिरवे. अंत्यविधीच्या मिस्सेला जांभळा, पांढरा किंवा काळा यांपैकी कोणताही चालतो. निळा मात्र आपल्याकडे नाही, जरी दर वर्षी कोणीतरी भक्तिभावाने मरियेच्या सणासाठी निळे कापड आणून देतेच.

जुनी_पाटी (वर्धा जिल्हा)

वरील माहिती उपयुक्त आहे. मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि ख्रिस्ती नाही, तरी या विषयाचे मला जुने कुतूहल आहे. माझ्या मते या वस्त्रांचा अर्थ आधी ठरला आणि मग ती शिवली गेली, असा जो समज वरील उत्तरातून होऊ शकतो तो दूर केला पाहिजे, कारण घडले ते नेमके उलट आहे.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत धर्मगुरूंना वेगळा पोशाख नव्हता. रोमन साम्राज्यातील सामान्य माणूस आत लांब अंगरखा आणि बाहेर पडताना वरून घेराचा, बाह्या नसलेला झूल घालत असे. आल्ब आणि चॅझ्युबल ही त्याच दोन कपड्यांची वंशज आहेत. इतकेच नव्हे, तर इ. स. ४२८ मध्ये पोप सेलेस्टाइन पहिले यांनी गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) बिशपांना पत्र लिहून, काही धर्मगुरू वेगळा वेश करू लागले आहेत याबद्दल नापसंती व्यक्त केली होती आणि आपण लोकांहून वेगळे दिसावे ते शिकवणुकीने आणि आचरणाने, कपड्यांनी नव्हे, असे बजावले होते. पुढे उत्तरेकडील टोळ्यांच्या प्रभावाने सामान्य लोक आखूड अंगरखा आणि विजार वापरू लागले, पण वेदीपाशी उभे राहणाऱ्यांनी जुना लांब वेश सोडला नाही. आपल्याकडे आयुष्यभर पँट घालणारा माणूस सत्यनारायणाला बसताना धोतर नेसतो, तसेच हे झाले: वेश बदलला नाही, भोवतालचे जग बदलले, आणि त्यामुळे तो वेश पवित्र वाटू लागला.

इटलीतील राव्हेन्ना येथे सान व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकाच्या मध्यातील भिंतीवरची खड्यांची चित्रे आहेत. सम्राट जस्टिनियनच्या शेजारी उभे असलेले आर्चबिशप मॅक्सिमियन यांच्या अंगावर पायघोळ पांढरा अंगरखा, त्यावर खांद्यांवरून चहूबाजूंनी ओघळणारा घेराचा झगा आणि गळ्यात क्रूस काढलेली पांढरी पट्टी स्पष्ट दिसते. तो झगा आपल्या पेटीतील झग्यासारखा ताठ नाही. त्याला चुण्या आहेत, आणि हात वर करायचा तर कापड मनगटावर गोळा करावे लागत असणार. इ. स. ६३३ च्या स्पेनमधील टोलेडो येथील चौथ्या धर्मसभेत, अन्यायाने पदच्युत झालेल्याला पद परत देताना काय द्यावे हे सांगितले आहे: बिशपला स्टोल, अंगठी आणि हातातील काठी, धर्मगुरूला स्टोल आणि वरचा झगा, डिकनला (धर्मगुरूच्या खालच्या पदावरील सेवकाला) स्टोल आणि आल्ब. म्हणजे तोवर कपडा हा पदाचा दाखला झाला होता. त्याच सभेने डिकनने स्टोल डाव्या खांद्यावर घ्यावी आणि सेवेच्या धावपळीसाठी उजवी बाजू मोकळी ठेवावी असे ठरवले. आजही डिकन स्टोल डाव्या खांद्यावरून तिरपी घेतात. पदाची खूणही अशी कामाच्या सोयीवरून बेतलेली असते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. बाजू कापल्या का गेल्या? मूळ झगा म्हणजे अर्धवर्तुळाकार कापड, ज्याच्या दोन सरळ कडा पुढे आणून एकमेकींना शिवलेल्या असत. ती पुढची शिवण झाकण्यासाठी वरून पट्टी लावत, आणि कालांतराने ती पट्टीच शोभेची झाली, तिला खांद्यांकडे जाणारे फाटे फुटले आणि पाठीवर क्रूस आला. सुमारे १२०० नंतर मिस्सेत पवित्र भाकर उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा पसरली. त्याच सुमारास जड रेशीम आणि जरीकाम वाढले. इंग्लंडमधील सोन्याच्या तारेच्या भरतकामाला तर इतकी मागणी होती की १२९५ सालच्या पोपच्या वस्त्रभांडाराच्या यादीत त्याची नोंद वारंवार येते. असे जड कापड मनगटावर गोळा करून दोन्ही हात डोक्यावर नेणे अवघड. म्हणून शिंप्यांनी बाजू थोड्या कापल्या, मग आणखी कापल्या, आणि अखेरीस पेटीतील आकार उरला. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी झग्याची रुंदी फार घटू नये म्हणून किमान मापे ठरवून दिली, तरी कात्री थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात मध्ययुगीन रुंद घेराकडे पुन्हा ओढा सुरू झाला आणि १९६० च्या दशकातील सुधारणांनंतर रुंद झगाच सर्वत्र रूढ झाला. आपण वर्णन केलेली कमरेच्या उंचीवरची झीज बहुधा वेदीच्या कडेची आहे.

रंगांचेही तेच. ठरलेले रंग नसण्याचा काळ फार मोठा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस, पोप होण्यापूर्वी, इनोसंट तिसरे यांनी रोममधील प्रथा लिहून ठेवली. तिच्यात पांढरा, लाल, काळा आणि हिरवा हे चार प्रमुख, आणि जांभळा काळ्याच्या जवळचा. रोमची उपासनापद्धती पाळणाऱ्या बहुतेक लॅटिन जगाला एकच रंगक्रम लावला तो १५७० च्या मिस्साग्रंथाने. ‘सोयीचे जू’ वगैरे अर्थ अशा आधीच अंगावर असलेल्या कपड्यांवर मागाहून चढले. ते सुंदर आहेत, पण कपडा बेतणाऱ्याने इतिहास पाहावा, असे माझे मत आहे.

जाता जाता: मॅक्सिमियनच्या गळ्यातील पट्टी म्हणजे पॅलियम. ती आजही लोकरीची असते, तिच्यावर काळे क्रूस असतात, २१ जानेवारीस संत ॲग्नेसच्या दिवशी आशीर्वादित केलेल्या कोकरांची लोकर तिच्यासाठी वापरतात आणि पोप ती प्रांतप्रमुख आर्चबिशपांना देतात. नागपूरचे आर्चबिशप त्यांपैकी एक. एवढ्या एका वस्त्राचे काम आपल्या दुकानात येणार नाही.

घंटेचा_दोर

गुरुजी, इतिहास मान्य आहे. परंतु जो माणूस रोज पहाटे हे कपडे घालतो त्याला रोमन झूल आठवत नाही, त्याला ती प्रार्थना आठवते. मागाहून चढलेला अर्थही आता आठ-दहा शतकांचा झाला आहे, आणि आमच्यासाठी वस्त्राचा खरा उपयोग तोच: अंगावर झगा चढला की फादरांचा स्वतःचा सदरा, त्यांची आवडनिवड, त्यांचे गाव, सगळे झाकले जाते. शिवणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवले तर पुष्कळ झाले.

वैनगंगाकाठ (गडचिरोली जिल्हा)

एक सावधगिरीची सूचना. विदर्भातील सगळे कॅथलिक चर्च एकाच उपासनापद्धतीचे नाहीत. नागपूर आणि अमरावती हे लॅटिन, म्हणजे रोमच्या, पद्धतीचे आहेत, परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडे १९७७ पासून सायरो-मलबार (केरळातील जुन्या ख्रिस्ती समाजाच्या) पद्धतीचा चांदा धर्मप्रांत आहे, आणि आमच्या मिशनमधील बहुतेक फादर केरळातून आलेले असतात. त्यांचे पूर्व सीरियन वळणाचे कपडे वेगळे: आतला अंगरखा कोत्तिना, कमरपट्टा सुनारा, स्टोलच्या जागी ऊरारा, मनगटांवर घट्ट बसणारे सन्दे आणि वरून पयना, जो पुढून उघडा असून गळ्याशी अडकवतात. १५९९ च्या केरळातील उदयंपेरूर धर्मसभेनंतर या मंडळींवर लॅटिन वळण लादले गेले आणि कित्येक पिढ्या त्यांनी लॅटिन झगेच वापरले. जुना पोशाख विसाव्या शतकात परत आला. म्हणून पेटीत लॅटिन झगा निघाला एवढ्यावरून फादर लॅटिन पद्धतीचेच आहेत असे धरू नये. आपला भाग नागपूरकडे येतो, त्यामुळे बहुतेक अडचण नसेल, तरीही माप घेताना विचारून घ्या.

टाके_आणि_काज

सर्वांचा आभारी आहे. फादरांना विचारले, ते लॅटिन पद्धतीचे आहेत आणि त्यांना रुंद घेराचाच झगा हवा आहे. मॅनिपल नको म्हणाले, प्याल्याचा रुमाल मात्र हवा.

आता कापडाचा प्रश्न. मुंबईहून किंवा केरळातून तयार झगे मागवले तर ते बहुधा पॉलिस्टरचे येतात आणि आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात फादरांचे हाल होतात. आमच्याच जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे कोष्ट्यांच्या मागावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला जातो, ज्याची करवतकाठी साडी प्रसिद्ध आहे. ते कापड घेता येईल का? त्याचा मूळ मधासारखा रंग पांढऱ्यात धरतील की सोनेरीत? आणि मागाचा पन्हा एवढ्या घेराला पुरत नाही, जोड द्यावा लागेल, तो दिसणार.

शिवणवर्ग (नागपूर जिल्हा)

भाऊ, मी सिस्टरांच्या शिवणवर्गात शिकवते आणि असे बरेच झगे माझ्या हाताखालून गेले आहेत.

कोसा निःशंक वापरा. मिस्साग्रंथाच्या सुरुवातीच्या निर्देशांमध्ये स्पष्ट म्हटले आहे की त्या त्या प्रदेशातील नैसर्गिक धाग्यांचे कापड चालते आणि वस्त्राची शोभा जादा सजावटीत न शोधता कापडात आणि आकारात शोधावी. भारतात तर १९६९ साली बिशपांच्या विनंतीवरून रोमने, जेथे योग्य वाटेल तेथे नेहमीच्या वस्त्रांऐवजी एकच साधा झगा आणि त्यावर अंगवस्त्र घेण्याचीही परवानगी दिली होती. तो प्रयोग काही आश्रमांत आणि संस्थांमध्ये रुजला, गावोगावच्या चर्चमध्ये फारसा नाही. आपल्याकडच्या दलित ख्रिस्ती विचारवंतांनी अंगवस्त्र आणि त्यासारख्या खुणा उच्चवर्णीय वाटतात असा आक्षेप घेतला, आणि मला तो आक्षेप बिनबुडाचा वाटत नाही. कोशाचे तसे नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबांनी राखलेल्या किड्यांचे ते रेशीम आहे. त्याच्यावर कोणाची मक्तेदारी नाही.

रंगाविषयी: सोनेरी वस्त्र सणासुदीला इतर रंगांच्या जागी चालते, परंतु जांभळ्या आणि काळ्याच्या जागी नाही. म्हणून ईस्टरच्या झग्याला कोसा मूळ रंगात ठेवा आणि पट्टी पांढरी लावा, मात्र एकदा कापडाचा तुकडा फादरांना उजेडात दाखवून घ्या, कारण काही खेपांचा कोसा सोनेरीपेक्षा तपकिरीकडे झुकतो. जांभळ्यासाठी कापड रंगवावे लागेल. कोशाच्या मूळ छटेमुळे फिकट जांभळा मळका दिसतो, म्हणून वांग्याच्या सालीइतका गडद रंग सांगा आणि त्या झग्याचे कापड, स्टोल आणि रुमाल एकाच वेळी रंगवून घ्या, नाहीतर छटा जुळणार नाहीत.

जोडाची चिंता करू नका. गुरुजींनी लिहिलेला जुना उपाय येथेही लागू पडतो. पुढे आणि मागे मधोमध उभा जोड द्या आणि त्यावर करवतकाठी साडीसारखे विणलेले काठ लावा, शिवण दिसणार नाही. काठ कापडावर बसवण्यापूर्वी दोन्ही पाण्यातून काढून घ्या, कारण कोसा आणि सुती काठ सारखे आटत नाहीत आणि पहिल्या धुण्यानंतर पट्टीखाली चुण्या पडतात. बुकरम अजिबात घालू नका. अस्तर सुती मलमलीचे लावा, आणि गळ्याशी ते सुटे ठेवा, म्हणजे घामाने खराब झाले की तेवढे बदलता येईल. शिवाय फादरांना आल्बच्या आत ॲमिस घालण्याचा आग्रह करा, नियमाने सक्ती नसली तरी आपल्या हवेत त्याचा मुख्य उपयोग घाम टिपण्याचाच आहे. घेर दोन्ही हात आडवे केल्यावर मनगटापाशी येईल इतका पुरे. त्याहून जास्त ठेवलात तर वेदीवरच्या मेणबत्तीला झग्याची कड लागेल अशी भीती राहते. स्टोल झग्याच्या आत राहते, म्हणून तिची टोके झग्याच्या खालच्या कडेपेक्षा थोडी वरच थांबवा आणि मानेमागे तिला हलका बाक द्या, सरळ पट्टी मानेवर टिकत नाही.

पेटीतील जुना झगा साच्यासाठी उसवू नका. त्याचा आकार आता आपल्याला लागत नाही, आणि जरीची पट्टी एकदा सुटली की खालचे रेशीम पुन्हा टाका धरणार नाही. माप फादरांच्या अंगावरून घ्या, आल्ब घातलेली असताना, आणि हात वर करायला लावून घ्या.